कमला सोहोनी यांच्या फलकावर काय लिहावे: सत्याग्रह की वाल?

खडूफळा

नमस्कार. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, शाळेच्या व्हरांड्यात आम्ही शास्त्रज्ञांची माहिती देणारे फलक लावतो. पुरुषांची मक्तेदारी मानल्या गेलेल्या क्षेत्रांत पहिले पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांवर यंदाचे फलक करायचे ठरले आणि माझ्या वाट्याला डॉ. कमला सोहोनी आल्या.

त्यांची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असेल. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, जन्म इंदूरचा. १९३३ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पूर्ण केली. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले असल्यामुळे आपणही पुढच्या शिक्षणासाठी तेथेच जायचे, हे त्यांच्या मनात जवळजवळ ठरलेले होते. अर्ज केला आणि तो नाकारला गेला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकाराचे कारण लपवले नाही. अर्जदार स्त्री होती, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या, नकार मान्य करणार नाही असे सांगून संचालकांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी सत्याग्रह आरंभला आणि अखेर त्यांना प्रवेश मिळाला. तोही अटींवर: पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करावे लागेल आणि संस्थेतील वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये.

ही गोष्ट मी आठवीच्या वर्गात सांगितली. मुली अगदी तल्लीन होऊन ऐकत होत्या. संपल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, त्यांना आत घेतलं ते समजलं. पण आत गेल्यावर त्यांनी केलं काय?" मला "त्यांनी प्रथिनांवर संशोधन केले" या पलीकडे काहीही सांगता आले नाही. त्या मुलीने मान डोलावली आणि ती खाली बसली. तिचे ते खाली बसणे तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

फलकावर साधारण तीनशे शब्द मावतात. माझी पहिली अडचण अशी की, कमलाबाईंचे संशोधन आठवीच्या मुलींना समजेल अशा भाषेत कसे सांगावे, हे मला कळत नाही. दुसरी अडचण जरा नाजूक आहे. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण साजरा करतो तोच मुळी १९२८ सालच्या त्या दिवशी लागलेल्या रामन परिणामाच्या शोधासाठी. दरवर्षीप्रमाणे रामन यांचा फलक मधोमध असेल आणि त्याच ओळीत कमलाबाईंचाही असेल. मग अटींविषयी लिहावे का, आणि लिहायचे तर कितपत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रथिनशोधक

खडूफळाताई, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मी जीवरसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आहे आणि कमलाबाईंच्या प्रवेशाची गोष्ट मी जितक्या वेळा ऐकली, त्याच्या एक दशांश वेळासुद्धा त्यांच्या कामाविषयी कोणाला बोलताना ऐकलेले नाही. तुमच्या पहिल्या अडचणीचे उत्तर देतो. ते थोडे लांबेल.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि तेथूनच त्या केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स हे जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. त्यांच्या हातात होता बटाटा. हे मुलींना आवर्जून सांगा, कारण शोध म्हटला की परदेशी यंत्रेच डोळ्यांसमोर येतात.

बटाट्यात त्यांना काय सापडले? आपण श्वास घेतो, तेव्हा प्राणवायू पेशीपर्यंत पोचतो आणि अन्नातील ऊर्जा टप्प्याटप्प्याने मोकळी होते. या टप्प्यांत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. आग लागली की गावकरी विहिरीपासून घरापर्यंत रांग करून घागरी हातोहात पुढे देतात, तसेच. या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी नावाचे लोहयुक्त प्रथिन. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमांचे काम पुढे आणले होते, परंतु त्यांचे ठळक पुरावे होते कीटकांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये. वनस्पतींचे काय, हा प्रश्न होता. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना दाखवून दिले की, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते. म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या मांडीत आणि शेतात मातीखाली पडलेल्या बटाट्यात श्वसनाची रांग एकाच जातीची आहे. आठवीच्या मुलीला हे वाक्य समजेल आणि ती ते विसरणार नाही, अशी माझी खात्री आहे. अवघ्या १४ महिन्यांत त्यांनी हे काम पूर्ण केले. प्रबंध होता टंकलिखित ४० पानांचा. १९३९ मध्ये त्या पीएच.डी. झाल्या आणि विज्ञान विषयात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले.

माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत जवळचे काम मात्र याच्या पुढचे आहे. त्या परत आल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत त्यांनी काम केले आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिन-रोधक प्रथिनांवर काम केले. ट्रिप्सिन हा आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारा पाचक घटक. कच्च्या वालात असे एक प्रथिन असते की ते जाऊन या ट्रिप्सिनलाच धरून ठेवते, आणि मग वालातली बाकीची चांगली प्रथिने नीट पचत नाहीत. कुलपात आधीच काडी मोडून ठेवली तर किल्ली असूनही दार उघडत नाही, असा प्रकार. वाल आणि डबल बी यांतील हे रोधक त्यांच्या प्रयोगशाळेने स्फटिकरूपात वेगळे करून दाखवले आणि १९५५ मध्ये ते 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथिन स्फटिकरूपात मिळवणे म्हणजे ते इतर सगळ्या गाळापासून निखळ वेगळे करणे. त्या काळातल्या साधनांनी ते करायला लागणारी चिकाटी मी स्वतः थोडीफार अनुभवली आहे.

तुम्ही कोकणातल्या, म्हणून सांगतो. तुमच्या विद्यार्थिनींच्या घरी वाल रात्री भिजत घालतात, फडक्यात बांधून मोड आणतात, एकेक दाणा सोलतात आणि मग बिरडे शिजवतात. भिजवण्याने आणि मोड येण्याने हा रोधक काही प्रमाणात कमी होतो आणि शिजवण्याच्या ओल्या उष्णतेने बहुतांश निकामी होतो. आपल्या आज्यांना हे रसायन ठाऊक होते, असे मात्र कृपा करून फलकावर लिहू नका. त्यांना चव आणि पोटाची सोय ठाऊक होती. त्यामागचे कारण पुढे प्रयोगशाळेत शोधले गेले आणि ते शोधणाऱ्यांत कमलाबाई होत्या, एवढे पुरेसे मोठे आहे.

नीरेवरचे त्यांचे कामही थोडक्यात द्या. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडवर्गीय झाडांच्या न आंबलेल्या रसाचा अभ्यास केला, त्यातील जीवनसत्त्वे आणि लोह तपासले आणि कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यास प्रकृती सुधारते असे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

वेधशाळा

मी पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेत, म्हणजे पुणेकर ज्याला आजही सिमला ऑफिस म्हणतात त्या इमारतीत, अनेक वर्षे नोकरी केली. प्रथिनशोधक यांनी संशोधनाची बाजू इतकी छान उलगडली आहे की मला त्यात भर घालायची नाही. मला अटींविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी कमलाबाईंच्या मागून त्याच संस्थेत गेलेल्या एका बाईंचे नाव घ्यावे लागेल: अण्णा मणी.

कमलाबाईंचे पहिल्या वर्षाचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला, असे आपण नेहमी वाचतो. ते खरेच आहे. ललिता दोराईस्वामी, सुनंदाबाई आणि अण्णा मणी या तिघींनी रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केले. परंतु आत काय घडले तेही पाहिले पाहिजे. अण्णा मणी हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर काम करीत असत. स्फटिक द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत थंड करायचा आणि छायाचित्राच्या काचेवर त्याचा वर्णपट उतरेपर्यंत थांबायचे. एकेका काचेला पंधरा ते वीस तास लागत. रात्र प्रयोगशाळेतच निघून जाई. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावाने पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नव्हती. सुनंदाबाईंनाही पदवी मिळाली नाही. अण्णा मणींचा तो पुरा झालेला प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. पदवी मिळालेली नाही, पण काम जागच्या जागी आहे.

त्यानंतर त्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. भौतिकशास्त्र पुढे न्यायचे होते, पण उपलब्ध शिष्यवृत्ती हवामानाच्या उपकरणांची होती, म्हणून त्या उपकरणे शिकल्या. १९४८ मध्ये त्या पुण्याला वेधशाळेत रुजू झाल्या. तोपर्यंत साधे तापमापक आणि वायुभारमापकसुद्धा आपण बाहेरून आणत होतो. अण्णा मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती येथेच बनवण्याची घडी बसवली. १९५३ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. त्यांच्या काळात मी नोकरीत नव्हतो, परंतु जुन्या कारागिरांच्या तोंडून त्यांचा एक आग्रह मी अनेकदा ऐकला: चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे. आमच्या कार्यशाळेत एखादा तरुण घाईघाईने तापमापकाची तुलना उरकू लागला की कोणीतरी वडीलधारा त्याला हे ऐकवीत असे.

आता मुद्द्याचे. कमलाबाईंनी आयुष्याच्या अखेरीस जाहीरपणे सांगितले की, केवळ स्त्री म्हणून आपल्याला मिळालेली ती वागणूक आपण विसरू शकलो नाही. अण्णा मणींना याविषयी विचारले असता मात्र त्या स्त्री असण्याचा आपल्या कामाशी काही संबंध असल्याचे फेटाळून लावीत. दोघीही एकाच संस्थेतून आल्या होत्या. दोघींपैकी कोणाचे म्हणणे खरे, असे विचारण्यात अर्थ नाही. दोघींनी आपापल्या आयुष्याविषयी सांगितलेले ते आहे. फलकावर कमलाबाईंविषयी लिहिताना कमलाबाईंचे म्हणणे प्रमाण मानावे. त्या विसरल्या नव्हत्या, म्हणून अटी लिहाव्यात, आणि पूर्ण लिहाव्यात.

पूर्वपक्ष

अटी लिहाव्यात, हे मलाही मान्य आहे. परंतु फलक वाचून मुलांच्या मनात रामन यांची प्रतिमा खलनायकाची होऊ नये, एवढीच कळकळीची विनंती. १९३० साली नोबेल मिळवणाऱ्या त्या माणसाने भारतात राहून, भारतीय विद्यार्थ्यांना हाताशी धरून, अत्यंत साध्या साधनांनी शोध लावला. त्या काळात मुली-मुलांनी एकत्र काम करण्याविषयी जे मत समाजात सर्वत्र होते, तेच त्यांचेही होते. त्यांचे वेगळेपण असे की, पुरावा समोर आल्यावर त्यांनी मत बदलले आणि पुढच्या मुलींना प्रवेश दिला. विज्ञानात याहून अधिक आपण कोणाकडून काय अपेक्षितो?

वेधशाळा

पूर्वपक्ष, आपली तळमळ मी समजू शकतो आणि रामन यांच्याविषयीचा माझा आदर आपल्याइतकाच आहे. परंतु एका शब्दाशी मी अडखळतो, तो म्हणजे पुरावा. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेतील उत्तम गुण हा पुरावा अर्जाबरोबरच जोडलेला होता. मुलग्यांकडून तेवढाच मागितला जात होता. कमलाबाईंकडून त्यावर एक वर्षाचा जास्तीचा पुरावा घेतला गेला, आणि तो त्यांच्यानंतर येणाऱ्या सगळ्या मुलींच्या वतीने. त्यांचा एखादा प्रयोग फसला असता तर अपयश एका विद्यार्थिनीचे मानले गेले असते की स्त्रीजातीचे? त्या वयात हे ओझे घेऊन रोज सकाळी प्रयोगशाळेत जाणे म्हणजे काय, ते मुलींना कळले पाहिजे असे मला वाटते. त्यासाठी रामन यांच्याविषयी एकही कठोर शब्द लिहिण्याची गरज नाही. घडले ते लिहिले की पुरे.

वकीलपत्र

एका माणसाचे मन वळणे आणि नियम बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या व्यवसायाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते, म्हणून थोडे लिहिते.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. परीक्षेतील गुणांवर त्यांना विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती स्त्रियांसाठी नाही असे सांगण्यात आले. हितचिंतकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची बी.सी.एल. ही कठीण परीक्षा दिली, त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मिळाली १९२२ मध्ये. मधली तीस वर्षे पदवी अडली होती ती ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्याच देत नव्हते म्हणून.

ती तीस वर्षे त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे स्वतः कारभार पाहू न शकणाऱ्या वारसांची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार म्हणून काम केले. या बायकांच्या नावावर जमीनजुमला असे, परंतु परपुरुषासमोर येता येत नसल्यामुळे वकिलाशी बोलण्याचीच सोय नव्हती. कारभारी सांगेल त्यावर अंगठा उठवायचा. अशा सहाशेहून अधिक स्त्रियांना आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली. पुरुष वकिलाला जे दालन कधीच उघडले नसते तेथे जाऊन त्या कागद वाचून दाखवीत होत्या, आणि तरीही न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

तो का नव्हता, हे मुलींना सांगण्यासारखे आहे. १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात पात्र 'व्यक्ती'ला सनद मिळेल अशी भाषा होती. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा पूर्णपीठाने ठरवले की या 'व्यक्ती'त स्त्री येत नाही. पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांनाही तेच उत्तर मिळाले. अलाहाबादने १९२१ मध्ये कॉर्नेलियाबाईंची नोंद करून घेतली, परंतु ती एका न्यायालयापुरती. सगळीकडचे दार उघडले ते १९२३ च्या कायद्याने, केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणालाही वकिली नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटल्यावर. त्यानंतर लगेचच मिठन टाटा मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या स्त्री बॅरिस्टर म्हणून उभ्या राहिल्या.

बंगळूरच्या गोष्टीत मला म्हणूनच एक जागा अपुरी वाटते. संचालकांचे मन वळले, मुली आत आल्या, पण अण्णा मणींच्या प्रबंधाच्या वेळी विद्यापीठाचा नियम कोणाच्याही मनाला बांधील नव्हता.

रात्रपाळी

माझा अनुभव इतक्या थोर स्त्रियांच्या पंक्तीत सांगण्याचा नाही, परंतु कमलाबाईंच्या त्या दुसऱ्या अटीविषयी वाचून राहवले नाही.

मी १९८० च्या दशकात रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात मुलाखतीला गेले. मला उत्पादन विभागात, प्रत्यक्ष रिॲक्टरवर, म्हणजे रासायनिक प्रक्रिया घडवतात त्या मोठ्या पात्रावर, काम करायचे होते. मुलाखत घेणारे गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, "बाई, तुमचे गुण उत्तम आहेत, पण शिफ्ट इन्चार्जला रात्रपाळी करावी लागते आणि कायद्याने आम्ही तुम्हाला रात्री थांबवू शकत नाही." ते खोटे बोलत नव्हते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ६६ नुसार स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर कारखान्यात काम करू देता येत नसे. मला गुणवत्ता-नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत दिवसपाळीची जागा मिळाली. रिॲक्टरवर तयार होणाऱ्या मालाचे नमुने काचेच्या बाटल्यांतून माझ्याकडे येत राहिले. ज्यांनी रात्रपाळ्या केल्या तेच पुढे प्लांट मॅनेजर झाले, कारण रात्री दोन वाजता तापमान चढू लागल्यावर काय करायचे, हे त्यांनाच ठाऊक झाले होते.

कमलाबाईंना रात्री काम करावेच लागेल अशी अट होती आणि मला रात्री काम करता येणारच नाही असा कायदा होता. दोन्ही वेळा वेळ दुसऱ्या कोणीतरी ठरवली. आता नंतरच्या दुरुस्त्यांनी, संमती आणि वाहनाची सोय यांसारख्या अटींवर, रात्रीचे काम अनेक ठिकाणी खुले झाले आहे. माझी भाची आज एका कारखान्यात रात्रपाळी सांभाळते. पहिल्या रात्री मी जागी होते. पहाटे तिचा दूरध्वनी आला तेव्हा ती रिॲक्टरच्या तापमानाविषयीच बोलत होती.

खडूफळाताई, फलकावर अटी लिहाल तेव्हा ही रात्रीची अट गाळू नका.

प्रथिनशोधक

एक पुरवणी. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही कमलाबाईंना सहजी मिळाले नाही. पात्रता असूनही सुमारे चार वर्षे ते लांबले आणि मग त्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेत रमल्या. नऊ स्त्रियांनी १९६६ मध्ये मुंबईत ही संस्था सुरू केली होती. १९८२-८३ मध्ये कमलाबाई तिच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात लिहीत असत. घरातल्या घरात भेसळ कशी ओळखावी, हा त्यांच्या आस्थेचा विषय. केंब्रिजमध्ये पीएच.डी. मिळवलेली बाई दुधात पिठूळ काही मिसळले आहे का ते गृहिणींना सांगत होती. माझ्या मते हे तितक्याच तोलामोलाचे विज्ञान आहे.

मुलींकडून फलकाशेजारी एक प्रयोग करून घ्या. दोन परीक्षानळ्यांत थोडे दूध घ्यावे, एकीत चिमूटभर पिठाची खळ मिसळावी आणि दोन्हींत टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. पिष्ट असलेले दूध निळसर काळे होते. दूध तापवलेले असेल तर आधी गार होऊ द्यावे, नाहीतर रंग नीट उमटत नाही.

खडूफळा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस हे धागे मी पुन्हा पुन्हा वाचले आणि फलकाचा मजकूर तीनदा बदलला.

आता सुरुवात वालाने होते. पहिला परिच्छेद वालातील रोधक प्रथिनाचा, दुसरा बटाट्यातील सायटोक्रोमचा, घागरींच्या रांगेसह. त्यानंतर बंगळूरचा प्रवेश येतो. तेथे नकार, सत्याग्रह आणि अटी, रात्रीच्या अटीसह, एकाखाली एक दिल्या आहेत. कोणाविषयी एकही विशेषण वापरलेले नाही. पूर्वपक्ष यांच्या म्हणण्याप्रमाणे, एका वर्षानंतर रामन यांनी त्यांना नियमित संशोधनाची परवानगी दिली आणि पुढे इतर मुलींना घेतले, हेही लिहिले आहे. शेवटची ओळ त्यांच्या निधनाची आहे: १९९८ मध्ये, दिल्लीत, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या. अण्णा मणी आणि कॉर्नेलिया सोराबजी यांच्यासाठी मी दोन वेगळे फलक मागून घेतले आहेत. कॉर्नेलियाबाईंच्या फलकावर 'व्यक्ती' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिण्याची कल्पना आमच्या चित्रकला शिक्षकांची.

आयोडिनचा प्रयोग काल वर्गात करून पाहिला. तिसऱ्या बाकावरच्या त्याच मुलीच्या हातात ड्रॉपर दिला. पहिल्या नळीतले दूध पिवळसर राहिले, दुसरीतले पाहता पाहता काळेनिळे झाले. तिने दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या आणि विचारले, "मॅडम, घरून वाल आणले तर त्यातलं ते कुलूप असं दिसेल का?" असे थेंबाने दिसणार नाही, त्याला फार वेगळी तयारी लागते, असे मी सांगितले. मग तिने वहीत ट्रिप्सिन हा शब्द लिहून घेतला आणि खाली तो पुन्हा एकदा, सुटा सुटा, लिहिला.

प्रथिनशोधक, शाळेच्या साधनांत ट्रिप्सिनचा एखादा प्रयोग बसवता येईल का, याविषयी आपल्याला सवडीने विचारीन. फलक रामन यांच्या फलकाला लागूनच, उजव्या बाजूला लावायचा ठरला आहे. पाचवीच्या मुलींनाही शेवटची ओळ वाचता यावी म्हणून दोन्ही फलक जरा खाली घ्यायला सांगितले आहेत.